जागा मोडणं

१

खड्डा पाच फूट खोल खणावा, असं स्नेहलच्या कामाच्या कागदावर छापलेलं होतं. ज्याने ते छापलं त्याने पांढरमाळ बघितलेला नसणार. इथे वीत-दीड वीत माती निघाली की कुदळीखालून ठण्ण आवाज यायचा आणि दोघे मजूर कुदळी टाकून विडी पेटवायला मोकळे. "आला बघा पत्थर, मॅडम," असं ते सांगायचे, तेही इतक्या आनंदाने की ऐकणाऱ्याला वाटावं, पाणीच लागलं.

पत्थर म्हणजे चुनखडीचा थर. मादन हिप्परग्याच्या उत्तरेला हा माळ मैलोन्‌मैल पसरलेला आहे. वर कुसळी गवत, तरवड, मधूनच एखादी खुरटलेली बोर. खाली सगळीकडे हा पांढरा, सिमेंटसारखा घट्ट थर. पाऊस मातीतला चुना खाली नेतो, ऊन पाणी ओढून घेतं, चुना मागे राहतो. असं हजारो वर्षं चाललं की मातीचाच दगड होतो. स्नेहल हे कॉलेजात शिकली होती आणि परीक्षेत लिहून चांगले मार्कही घेऊन आली होती. पाणलोटाचं काम घेतलेल्या एका संस्थेने २००६ च्या जानेवारीत तिला सहा महिन्यांसाठी नेमलं आणि माळाची माती तपासायला इकडे धाडलं.

काम ठरलेलं होतं. खड्डा खणून घ्यायचा. मातीचा एक थर संपून दुसरा जिथे सुरू होतो तिथे खड्ड्याच्या भिंतीत लोखंडी खिळे ठोकायचे, टेप लावायची, फोटो काढायचा. पांढऱ्या थरावर बाटलीतल्या पातळ ॲसिडचे दोन थेंब टाकायचे. चुर्र करून फेस आला की चुना. आकडे वहीत. मग पुढचा खड्डा.

दुसरी एखादी कंटाळली असती. स्नेहलला मोजायचा कंटाळा कधी आला नाही. औरादच्या त्यांच्या घरात वडिलांचा, गुंडेरावांचा, एकच नियम होता. अंगारे-धुपारे, नवस-सायास काही चालणार नाही. जे दिसतंय ते मोजा, मोजलं की भीती पळते. शाळेत शिपाई असलेल्या माणसाने मुलीला दिलेली ही सगळ्यात मोठी इस्टेट होती, आणि तिने ती जपून वापरली होती.

२

माळावर एकच घर होतं, बिराप्पाचं.

बिराप्पा आणि नागूबाई यांनी उभं आयुष्य मेंढरांमागे काढलेलं. आज इथे तळ, उद्या तिथे. त्यांचा मुलगा मल्लेश हैदराबादेत स्लॅबच्या कामांवर होता. आई-बापाने आता फिरणं पुरे करावं म्हणून त्याने सात वर्षांपूर्वी हे दोन खोल्यांचं घर बांधून दिलं. पाया खोदायला गेला तर पहार उडून हातात झिणझिण्या यायला लागल्या. मग त्याने डोकं चालवलं. वरची माती झाडून टाकली आणि थेट पत्थरावरच भिंती उभ्या केल्या. पायाही वाचला, फरशीही वाचली. "देवानं आधीच स्लॅब टाकून ठिवलाय," असं तो ज्याला-त्याला सांगत सुटला. पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिलेल्या माणसाने असं केलं नसतं. पण यांच्या घराण्यात भिंत म्हणून बांधलेली ही पहिलीच.

दुपारची भाकरी खायला माळावर दुसरी सावली नव्हती, म्हणून स्नेहल तिथे जायला लागली. पहिल्या दिवशी तिने पाणी मागितलं तेव्हा ते कुठल्या भांड्यातून येतंय याकडे तिची नजर गेलीच, लहानपणापासूनची सवय. नागूबाईने बिराप्पाचाच तांब्या तिच्यापुढे केला. त्या दिवसापासून स्नेहल तिला अव्वा म्हणायला लागली.

बिराप्पा सत्तरी ओलांडलेला, पण नुसता चौकस. "आज काय घावलं, मातीवाल्या बाई?" हा त्याचा रोजचा प्रश्न. ॲसिडचा फेस बघायला तो लहान पोरासारखा पुढे सरकून बसायचा आणि एकदा झालं की पुन्हा टाकायला लावायचा. ॲसिडचा अर्धा साठा त्याच्या करमणुकीतच संपला असेल.

घराचं दार आत उघडताना खाली घासायचं. वाकून बघितलं तर दाराची खालची कड तीन वेळा तरी तासलेली होती.

"घर म्हातारं व्हायलंय," बिराप्पा म्हणाला. "खाली बसायलंय माझ्यावानी."

पत्थरावर बांधलेलं घर खाली कसं बसेल, असं स्नेहलच्या मनात आलं. पण भाकरी समोर आली आणि ते तसंच राहिलं.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. या घरात कालची वस्तू आज काल होती तिथे नसायची. रांजण वीतभर उजवीकडे, जातं वीतभर पुढे, चुलीचे तीन दगड भिंतीपासून आणखी थोडे लांब. बिराप्पाची बाजसुद्धा. रोज सकाळी ऊन दारात आलं की नागूबाई पदर खोचायची आणि घरातली एकूण एक वस्तू उचलून वीतभर सरकवायची. अंथरूण तर कालच्या जागी कधीच नाही. तळावर असतानाही ती हेच करायची, तिची सासूही हेच करायची. याला त्यांच्यात जागा मोडणं म्हणत.

"कामून मोडता, अव्वा?" स्नेहलने विचारलं.

"मोडावी लागती."

"आणि न्हाई मोडली तर?"

नागूबाईने जातं दोन्ही हातांनी धरून हलवलं. जमिनीतून खरवडल्यासारखा आवाज आला आणि जातं सुटलं. "असं कुणी करीत न्हाई," ती म्हणाली.

३

अकरा नंबरचा खड्डा घरापासून शंभरेक पावलांवर होता. त्याचा फोटो धूसर आला म्हणून आठ दिवसांनी स्नेहल पुन्हा तिथे गेली. खिळे काढायचे राहून गेले होते, तेही घ्यायचे होते.

खिळे निघेनात. तिने बोटांनी ओढलं, मग पकडीने. भिंतीत तीन खिळे होते, पांढऱ्या थरापासून दोन-दोन बोटं वर, तांबूस मातीत. निदान वहीत तसं लिहिलेलं होतं. आता तिन्ही खिळ्यांना खालून पांढरं येऊन मिळालं होतं. बाकी थराची वरची कड टेपने मोजली तर केसाचाही फरक नव्हता. फक्त खिळ्यांच्या खाली, प्रत्येकाखाली एक, असे तीन पांढरे उंचवटे वर चढले होते आणि खिळ्यांना वेढून बसले होते.

तिने ॲसिड टाकलं. चुर्र झालं.

मजुरांनी मस्करी केली असणार. कुठून तरी ओला चुना आणून थापला असणार. तिने दोघांना फैलावर घेतलं. त्यांनी गळ्याला हात लावून शपथा घेतल्या, वर "आमाला येवढा येळ कुठं हाय, मॅडम?" असंही विचारलं, आणि ते तर खरंच होतं. मग तिला वाटलं, आपणच खिळे खाली ठोकले आणि आकडा चुकीचा लिहिला. एक आकडा चुकू शकतो. तीन चुकतात का? तिने वहीत त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढलं.

घाबरली का? नाही. उलट त्या दुपारी तिला भाकरी दोन घास जास्तच गेली. हजारो वर्षांचं काम आठ दिवसांत झालेलं बघायला मिळालं तर मातीच्या अभ्यासातला कोणता माणूस दुःखी होईल? तिने बिराप्पाला सगळं रंगवून सांगितलं.

"खिळ्याला धरलंय म्हंतीस?" त्याचे डोळे चमकले. "मला बघाया पायजे."

"उद्या दाखवते, अप्पा."

नागूबाई चुलीपाशी होती. तिने मान वर करून दोघांकडे बघितलं आणि पुन्हा भाकरी थापायला घेतली.

४

बिराप्पाने उद्याची वाट बघितली नाही. संध्याकाळी तो एकटाच अकरा नंबरवर गेला, काठावर बसून खाली वाकला आणि आत पडला. खड्डा फुटभरच होता, पण म्हाताऱ्या हाडांना तेवढा पुरला. खुब्याचं हाड मोडलं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून बघितला. वय, साखर, हृदय, सगळं विचारलं आणि ऑपरेशन झेपायचं नाही म्हणाले. घरी न्या. बाज नको, ती झोळ देते. खाली सपाट, कडक जागेवर निजवा. पायाच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावा. पाठ पुसायची तर खांद्याकडून हात घालून वरच्या वर पुसा. सहा आठवडे कंबर आणि पाय तसूभर हलता कामा नये. हाड धरलं तर चालेल, नाही तर कायमचा पडून राहील.

मल्लेश हैदराबादेहून धावत आला. बापाला आतल्या खोलीत, तीन वाकळांच्या घडीवर, भिंतीपासून हातभर अंतरावर निजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन दारात आलं, आणि नागूबाई पदर खोचून आत गेली.

स्नेहल पोचली तेव्हा आतून आवाज येत होते.

"वीतभरच, मल्ल्या. चौघांनी चार टोकं धरा. दमानं."

"अव्वा, येडी का खुळी तू? डाक्टर काय म्हणलाय?"

"डाक्टर पत्थरावर निजलाय का कवा?"

"मंग अप्पाला बाहेर नेऊ. गावात खोली बघू."

"न्यायाचं तरी हलवावंच लागंल की रं. मंग वीतभर हलवाया काय झालं?"

मल्लेश बाहेर आला. घामाघूम झाला होता. "मॅडम, तुमी शिकलेल्या हाव. तुमचं ऐकंल ती. सांगा तिला. अप्पा पुन्ना चालला पायजे, बस, मला दुसरं काई नको."

स्नेहलच्या मनात तीन खिळे आले. ते तिने बाजूला सारले. खिळा तो खिळा आणि माणूस तो माणूस. तिने नागूबाईला चुलीपाशी बसवलं, दोन लाकडाचे तुकडे घेऊन हाड कसं जुळतं ते दाखवलं, जुळतानाच हललं तर काय होतं तेही दाखवलं. नागूबाई लक्ष देऊन ऐकत होती.

"खड्डा माझा होता, अव्वा," स्नेहल शेवटी म्हणाली. "अप्पा माझ्या खड्ड्यात पडले. ते उठून चालायला लागेपर्यंत मला गोड लागणार न्हाई. माझं ऐका."

"तू मापून बोलतीस?"

"व्हय."

"खरं?"

"खरं, अव्वा."

नागूबाईने खोचलेला पदर सोडला. "तुझ्या शबुदावर," ती म्हणाली, आणि उठून रांजण हलवायला गेली.

त्या दिवसापासून त्या घरात रोज सगळं सरकत राहिलं. फक्त बिराप्पा एका जागी होता.

५

शब्द देऊन बसलो की माणूस शोधायला लागतो, आपलं खरं होतं ना. स्नेहलनेही तेच केलं. मल्लेशला सांगितलं की कामाचा भाग आहे, आणि घराच्या मागच्या बाजूला, जिथे पत्थर उघडाच होता, तिथे तिने दोन रांगा मांडल्या. प्रत्येक रांगेत चारच वस्तू. एक खिळा, बोरीची एक काडी, लोकरीचा झुपका, आणि माळावर सापडलेला मेंढीच्या हाडाचा तुकडा. पहिल्या रांगेतल्या वस्तू ती रोज दुपारी वीतभर सरकवायची. दुसऱ्या रांगेला हात लावायचा नाही.

चौथ्या दिवशी दुसऱ्या रांगेतला खिळा चिकटला. सहाव्या दिवशी काडी. लोकर आठव्या दिवशी ओढून बघितली तर वरची हातात आली आणि खालची राहिली. पहिल्या रांगेत सगळं स्वच्छ होतं. फुंकर मारली तर लोकर उडून जावी इतकं मोकळं.

सगळ्यात पुढे हाड होतं. त्याला पत्थर दुसऱ्याच दिवशी लागला होता, आणि रोज तांदळाच्या दाण्याएवढा वर चढत होता. खिळ्याभोवती निदान कड दिसायची, इथे लोखंड संपलं, इथे चुना सुरू झाला. हाडाच्या बाबतीत ती कड तिला सापडेना. तिने भिंग लावलं. हाड पांढरं, चुना पांढरा. मधली रेघ कुठे तरी असणार, पण दिसत नव्हती.

आता इथे स्नेहलची बाजू घेता येत नाही. तिने त्याच दिवशी आत जाऊन सांगायला हवं होतं. ती उठलीही. पण दारात मल्लेश भेटला, हसत. "मॅडम, अप्पा दोन दिसांपसून कण्हला न्हाई. दुखणं गेलं म्हंतोय. तुमचं ऐकलं ते बरं झालं."

मग काय सांगणार? मागे एक हाडूक जमिनीला चिकटलंय, म्हणून तुझ्या बापाला हलव? डॉक्टर नको म्हणतो तरी? आणि तिच्या मनाच्या तळाशी दुसरंही काही होतं, ते तिने पुढे स्वतःशी कबूल केलं. तिला आणखी एका आठवड्याचे आकडे हवे होते.

६

आतल्या खोलीला एकच खिडकी होती. मल्लेशने बांधताना ती छातीइतक्या उंचीवर ठेवली होती. आता ती नागूबाईच्या कमरेच्या जरा वर लागत होती. बाहेर चैत्राचं ऊन असं की डोळे उघडवत नसत, आणि आत गारवा. बरं वाटावं असाच गारवा. स्नेहल रोज दुपारी तिथे बिराप्पाजवळ बसायची.

"आज काय घावलं?"

"काही न्हाई, अप्पा. बरं हाय का?"

"लई बरं. खालून गार लागतंय. पाय हाय का न्हाई तेबी कळंना, येवढं बरं." मग त्याने तिला जवळ बोलावलं, कुणाला सांगू नये अशा आवाजात. "कान लाव. खाली. ऐकू येतंय का बघ."

तिने जमिनीला कान लावला. आधी स्वतःच्याच रक्ताचा आवाज. मग त्याच्या मागे, फार बारीक, न थांबणारं असं काही. ॲसिड टाकल्यावर फेस येतो तेव्हा व्हायचं तसलं, पण लांबून आणि खूप मोठ्या जागेतून.

"दिसभर चालतंय," बिराप्पा म्हणाला. "रातीबी. मजा वाटती मला."

पाण्याचा झरा असेल, तिने ठरवलं. पत्थराखाली पाणी असतं कधीकधी. माळावर इतक्या वर्षांत कुणाला थेंबभर लागलं नव्हतं, हे तिला माहीत होतं, तरी ठरवलं. उठताना आधारासाठी तिने वाळूच्या पिशवीवर हात टेकला. पिशवी दबली नाही. तिने बोटाने टिचकी मारली, तर आतून दगडाचा आवाज आला.

वाळू ओली झाली असेल, घट्ट बसली असेल. तिने पांघरुणाखालून बाहेर आलेल्या बिराप्पाच्या अंगठ्याला हात लावून बघितला. थंड. म्हाताऱ्या माणसाचं रक्त कमी फिरतं. प्रत्येक गोष्टीला एकेक कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. फक्त ती सगळी एकत्र ठेवली की तिला कसंतरी व्हायचं, म्हणून ती एकत्र ठेवत नव्हती.

नागूबाई दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"मापलंस का, पोरी?"

"व्हय, अव्वा."

"नीट हाय?"

स्नेहल म्हणाली, "सहा आठवडे होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी तिला गुलबर्ग्याच्या बैठकीला जावं लागलं. चार दिवसांचं काम अकरा दिवस चाललं. तिथल्या खोलीत, पंख्याखाली, ती वही उघडून बसायची आणि हाडाचे आकडे बघायची. तिने त्यांचा आलेख काढला. सरळ रेघ आली. इतकी सरळ रेघ तिच्या हातून आजवर कधी आली नव्हती. तिने मल्लेशच्या मोबाइलवर दोनदा फोन लावला. माळावर रेंज नसायची, लागला नाही. तिसऱ्यांदा तिने लावला नाही.

७

सहा आठवडे पूर्ण झाले त्या सकाळी स्नेहल पहिल्या बसने आली आणि फाट्यापासून चालत माळ गाठला. मल्लेशने गावातून दोन गडी आणले होते. दारात नवी काठी उभी करून ठेवली होती, बापाने धरून चालावं म्हणून. नागूबाईने बिराप्पाचं धोतर धुऊन घडी करून आणलं होतं.

"मॅडम आल्या. चला," मल्लेश म्हणाला. "वाकळंसकट उचलायचा. अप्पा, दुखलं की सांग."

"दुखत न्हाई रं काई," बिराप्पा म्हणाला. चेहरा टवटवीत होता. "पण थांबला असता तर बरं झालं असतं."

चौघांनी वाकळेचे चार कोपरे धरले. पायाकडचा एक स्नेहलच्या हातात होता. मल्लेशने तीन म्हटलं आणि सगळ्यांनी एकदम जोर केला.

वाकळ आली नाही. खांद्याकडून वर झाली, कमरेपाशी ताणली गेली आणि थांबली. पुन्हा जोर केला. जुनं कापड टर्रकन फाटलं, आणि स्नेहलच्या हातातला कोपरा मोकळा होऊन वर आला.

तिला दिसलं ते क्षणभरच. खिडकीतून उजेड नेमका तिथे पडला होता. बिराप्पाची टाच होती. निदान वरून ती टाच होती. भेगा, घट्टे, सगळं ओळखीचं. तिची नजर खाली घसरत गेली, टाच कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते ती कड शोधत. सवयीने. तेवढ्यात नागूबाईने पुढे होऊन आपला पदर त्यावर टाकला.

"पुरं," ती म्हणाली.

मल्लेशने बघितलं नसावं, किंवा बघितलं असावं. तो बाहेर गेला आणि पहार घेऊन आला. गडी भिंतीला टेकले. मल्लेश बापापासून लांब, पार दाराजवळ उभा राहिला. "तिकडून फोडत येतो," तो म्हणाला. "कडंनं. अप्पाला लागू देत न्हाई." आणि त्याने दोन्ही हातांनी पहार जमिनीत हाणली.

बिराप्पा किंचाळला.

सहा आठवड्यांत तो एकदाही कण्हला नव्हता. आता त्याची मान मागे गेली होती, दात घट्ट आवळलेले. पहार पडली होती ती जागा त्याच्यापासून आठ पावलं तरी लांब होती. मल्लेश बापाकडे बघत राहिला, मग जमिनीकडे. त्याने पहार अलगद खाली ठेवली, निजलेल्या लेकराजवळ भांडं ठेवावं तशी. तरीही ती टेकताना बिराप्पाच्या कपाळावर आठी पडून गेली.

गडी निघून गेले. मल्लेश उंबऱ्यात बसला आणि रडायला लागला.

८

खोलीत तिघंच राहिली. खालचा आवाज आता कान न लावताही ऐकू येत होता, किंवा स्नेहलला तसं वाटत होतं. तिला नागूबाईच्या पाया पडायचं होतं, माफी मागायची होती.

नागूबाईने तिला एक शब्दही बोल लावला नाही. ती स्नेहलच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघत होती, जिच्यात वही होती.

"मापलेलं हाय ना तुझ्याजवळ?"

स्नेहलने मान हलवली.

"मंग सांग. छातीपातुर यायला किती दिस?"

स्नेहलला सांगायचं नव्हतं. माहीत नाही म्हणायचं होतं. पण हिशोब तिने आधीच केलेला होता. टाच दिसली त्या क्षणीच केला होता, नको नको म्हणतानाही. तीन वाकळांच्या घडीतून वर यायला पत्थराला वेळ लागला होता, आता मध्ये काही उरलं नव्हतं.

"सव्वा महिना," ती म्हणाली.

"कवा तरी जायाचंच की," बिराप्पा म्हणाला. त्याचा श्वास आता ठिकाणावर आला होता. "हितं तर दुखतबी न्हाई. रडवू नगंस पोरीला."

नागूबाई बाहेरच्या खोलीत गेली. बराच वेळ कसलासा खुडबुड आवाज येत राहिला. ती परत आली तेव्हा काखेत तिची स्वतःची वाकळ होती. ती तिने बिराप्पाच्या शेजारी, अगदी लगत, जमिनीवर टाकली आणि गुडघ्यांवर हात ठेवत सावकाश खाली बसली.

"हितं कामून बसायलीस?" बिराप्पा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच घाबरलेला होता. "ऊठ. बाहीर निज."

"तुमी गप ऱ्हावा."

"नागे, ऊठ म्हंतो ना."

"एकली कुठं फिरू?" नागूबाई म्हणाली.

"अव्वा," स्नेहल म्हणाली, "दुपारपर्यंत बसा. पण सकाळी ही वाकळ उचला. मी येते. मी सरकवते रोज. वीतभर."

"साठ वर्सं सरकवली, पोरी. दमले आता." नागूबाईने पाय लांब केले आणि पडून बघितलं. जागा बरी वाटली असावी. मग पाठीखाली हात घालून तिने काहीतरी चाचपलं आणि स्नेहलला जवळ बोलावलं.

"जरा सारखी कर गं ही. सुरकुती ऱ्हायली तर पुढं टोचती, अन् मंग सरळ करता येत न्हाई."

स्नेहल खाली बसली आणि चारही कोपरे ताणून तिने वाकळ सरळ केली.